बाळाच्या वाटीत काय: पौष्टिक पीठ की पोषकांची पुडी?

सहा महिन्यांनंतर बाळाला नुसतं आईचं दूध पुरत नाही. लोह तर लवकरच कमी पडू लागतं. इथे दोन मार्ग दिसतात: जवळपासच दळलेलं, जीवनसत्त्वं-खनिजं मिसळलेलं धान्य-डाळीचं पीठ, किंवा घरच्या अन्नात कालवायची पोषकांच्या भुकटीची छोटी पुडी.

पुडीत मात्रा नेमकी असते. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना १०–१२.५ मिलिग्रॅम लोह, ३०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि ५ मिलिग्रॅम जस्त सुचवते. पण पुडीतून ऊर्जा किंवा प्रथिनं मिळत नाहीत. वाटीत पाणचट लापशी असेल, तर पुडी टाकूनही ती पाणचटच राहते.

पीठ नेमकं तिथे कामाला येतं. बाळाच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३० मिलिलिटर मावतं. धान्य शिजलं की फुगतं. पाणी वाढवावं तर कस जातो. मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घातलं, की त्यातलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च तोडतं आणि घट्ट लापशी सैल होते. मग तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं! शिवाय धान्यात कमी असलेलं लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, डाळ भरून काढते.

म्हणून माझा कौल पिठाला, पण दोन अटींवर. मका-शेंगदाणे कोरडे हवेत, नाहीतर बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष येतं. आणि पोषकं सगळीकडे सारखी मिसळली गेली आहेत ना, हे दर घाण्याला तपासायलाच हवं.

पीठ आणि पुडी दोन्ही चालू असतील, तर लोहाची बेरीज आरोग्यसेविकेला आधी दाखवा.