७४एचसी८५ कंपॅरेटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

काउंटरची मोजणी ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहण्यासाठी मी ७४एचसी८५ ही चार बिटांची कंपॅरेटर (दोन संख्यांची तुलना करणारी) आयसी गेले काही महिने वापरत आहे. लहान-मोठे ठरवायचे असेल, तर सुटी गेट जोडत बसण्यापेक्षा हीच घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

नुसती समानता तपासणे अवघड नाही. प्रत्येक बिटजोडीला एक एक्सनॉर गेट (दोन्ही बिट सारखे असतील तरच १ देणारे) आणि शेवटी सगळ्यांचे अँड केले (सगळे १ असतील तरच १) की काम होते. मोठी संख्या शोधताना मात्र सर्वांत वरच्या बिटापासून खाली यावे लागते, आणि जिथे पहिला फरक दिसेल तिथे ज्या संख्येत १ असेल ती मोठी ठरते. ११०१ आणि १०११ यांचा निकाल दुसऱ्याच बिटावर लागतो. खालच्या प्रत्येक बिटाला 'वरचे सगळे सारखे आहेत' ही अट जोडावी लागत असल्याने गेटांची संख्या भराभर वाढते, आणि ते सारे या सोळा पिनांत तयार मिळते.

खरी काळजी घ्यावी लागते ती २, ३ आणि ४ या कॅस्केड पिनांची, म्हणजे जास्त बिटांसाठी अनेक आयसी साखळीत जोडताना खालच्या आयसीचा निकाल घेणाऱ्या पिनांची. एकटी आयसी असो वा साखळीतली सर्वांत खालची, तिची ३ क्रमांकाची पिन पुरवठ्याला आणि उरलेल्या दोन ग्राउंडला जोडल्याच पाहिजेत. तिन्ही ग्राउंडला जोडल्या, तर संख्या समान असताना 'मोठी' आणि 'लहान' हे दोन्ही आउटपुट एकाच वेळी १ होतात आणि 'समान' मात्र ० राहतो. मोकळ्या सोडल्या, तर आयसी सीमॉस प्रकारची (मोकळ्या इनपुटची पातळी अनिश्चित राहणारी) असल्यामुळे कशाचाच भरवसा नाही.

रिपल काउंटरबरोबर (ज्यात बिट एकामागून एक बदलतात) आणखी एक गोष्ट जाणवली. ७ वरून ८ वर जाताना असा काउंटर क्षणभर ६, ४ आणि ० या अवस्थांतून जातो, त्यामुळे मर्यादा ४ असेल तर 'समान' आउटपुटवर नको असलेला बारीक पल्स येतो. हा आउटपुट थेट रीसेटला न देता फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्यालाच बिट साठवणाऱ्या सर्किटमधून) घ्यावा, किंवा सिंक्रोनस (सगळे बिट एकाच ठोक्याला बदलणारा) काउंटर वापरावा.

टूज कॉम्प्लिमेंटमधील (ज्या पद्धतीत सर्वांत वरचा बिट चिन्ह दाखवतो) ऋण संख्यांसाठी वेगळे गेट लागत नाही. दोन्ही संख्यांच्या चिन्हबिटांच्या तारांची अदलाबदल केली की निकाल बरोबर येतो, आणि ही युक्ती मला फार आवडते.

आठ बिटांचा पत्ता केवळ जुळतो की नाही एवढेच पाहायचे असेल, तर ७४एचसी६८८ अधिक सोयीची आहे. सर्किटमध्ये बेरजेची आयसी आधीच असेल, तर दुसऱ्या संख्येचे सर्व बिट उलटवून कॅरी-इन (बेरजेत येणारा हातचा) १ द्यावा. कॅरी-आउट (बाहेर पडणारा हातचा) १ आला की चिन्हरहित संख्यांत पहिली संख्या दुसरीएवढी किंवा तिच्याहून मोठी असते, आणि मग ७४एचसी८५ बसवण्याची गरज उरत नाही.