परिवेश पोर्टल: वाचनालय म्हणून झकास, हरकतीसाठी कागदच बरा

परिवेश म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं मंजुऱ्यांचं संकेतस्थळ. खान्देशात कोळसा नाही. खाली काळा बेसाल्ट, वर तापीचा गाळ. पण दीपनगरचं वीजकेंद्र चालवणाऱ्या महाजेनकोचा स्वतःचा कोळशाचा खाणपट्टा छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात आहे, गारे पेल्मा सेक्टर 2. म्हणजे तिथल्या जंगलाची फाईल आपल्याही सरकारी कंपनीची. उद्या सातपुड्यात कुणी दगडखाणीसाठी वनजमीन मागितली तर अर्ज याच पोर्टलवर येतो. त्यामुळे भुसावळ-चोपड्यातल्या माणसानेही हे हाताळायला शिकावं.

परिवेश ऑगस्ट 2018 पासून चालू आहे. वन, पर्यावरण, वन्यजीव आणि किनारपट्टी या चारही मंजुऱ्यांचे अर्ज इथेच येतात. शोधताना प्रस्ताव क्रमांकाकडे नीट बघा. एफपीने सुरू होतो तो वनजमिनीचा, आयएने सुरू होतो तो पर्यावरणाचा. पुढची अक्षरं राज्याची, त्यापुढची प्रकाराची: एमआयएन म्हणजे खाण, क्यूआरवाय म्हणजे दगडखाण, सीएमआयएन म्हणजे कोळसा. एकाच खाणीच्या विस्ताराचे तुकडे वेगवेगळे टाकलेले असू शकतात. खाण एका अर्जात, रेल्वे सायडिंग दुसऱ्यात. म्हणून कंपनीच्या नावाने एकदा सगळं चाळा, नाहीतर अर्धंच जंगल दिसेल.

खरा ऐवज वनजमिनीच्या अर्जाच्या भाग 1 आणि भाग 2 मध्ये. भाग 1 कंपनी भरते: वनजमीनच का हवी, पर्याय कोणते तपासले. भाग 2 उपवनसंरक्षकाचा: झाडांची घनता, जातीनुसार आणि घेरानुसार मोजणी, वन्यप्राणी, आणि मागितलेली जमीन अपरिहार्य व कमीत कमी आहे का. पर्यायाच्या रकान्यात दोन ओळींत गुंडाळलेलं असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

नकाशाची केएमएल फाईल (जमिनीची हद्द दाखवणारी) गूगल अर्थ प्रोमध्ये उघडा. सीमेवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये क्षेत्रफळ पाहा आणि अर्जातल्या हेक्टरशी ताडा. मग जुनी उपग्रहचित्रं मागे सरकवा. अर्जात 'विरळ झुडपी' आणि चित्रात दाट छत्र, असा फरक सापडला तर पडद्याचे फोटो तारखेसह जोडा. हरकतीत भाषणापेक्षा हे कागद चालतात.

ग्रामसभेचा ठराव अपलोड असेल तर सह्या मोजा. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. एकाच हाताच्या सह्या, मृतांची नावं, तारखेचा घोळ हे इथेच उघडं पडतं. मात्र स्कॅन आडवे-तिडवे असतात, त्यात शब्द शोधता येत नाही आणि धडगावच्या रेंजवर मोठी पीडीएफ उतरवणं म्हणजे परीक्षाच. तालुक्याच्या गावी जाऊन उतरवा, पेन ड्राईव्हवर ठेवा.

आता कुचकामी भाग. वनमंजुरीच्या कायद्यात जनसुनावणीच नाही. लोकांचं म्हणणं येतं ते वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेतून. सुनावणी असते पर्यावरण मंजुरीसाठी, 2006 च्या अधिसूचनेनुसार. त्याची तारीख परिवेशवर शोधत बसू नका, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात बघा. किमान 30 दिवसांची मुदत द्यावी लागते, पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा, आणि शेवटी कामकाज वाचून दाखवावं लागतं. ते वाचल्याशिवाय उठू नका. तुमचा मुद्दा गळला असेल तर तिथेच सांगून लिहून घ्यायला लावा. लांबच्या माणसाला लेखी म्हणणं पाठवता येतं. विस्तार जुन्या पट्ट्यातच आहे की पट्टा वाढतोय, हेही आधी तपासा. पट्ट्यातल्या उत्पादनवाढीला सुनावणीतून सूट मिळू शकते; नवीन जंगल घेताना तीच सूट पुढे केली असेल तर हरकत तिथेच घ्या.

लेखी हरकत उपवनसंरक्षक, राज्याचे नोडल अधिकारी (वनमंजुरीचे प्रस्ताव हाताळणारे) आणि मंत्रालयाचं विभागीय कार्यालय या तिघांना स्पीड पोस्टाने पाठवा (महाराष्ट्रापुरती शेवटची दोन्ही कार्यालयं नागपुरात). वर प्रस्ताव क्रमांक ठळक लिहा आणि पावत्या फाईलला लावा. या पावत्या पुढे राष्ट्रीय हरित लवादात लागतात: अपिलाला 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये, आणि आपल्या भागाचं खंडपीठ पुण्यात. गारे पेल्माची पर्यावरण मंजुरी लवादाने जानेवारी 2024 मध्ये रद्द केली, ती जनसुनावणीतल्या त्रुटींवर बोट ठेवून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रालयाने ती पुन्हा दिली. म्हणून मंजुरी रद्द झाली तरी त्या क्रमांकावर नजर ठेवायचं थांबवू नका.

गुण: वाचायला पाचपैकी साडेतीन, हरकत घ्यायला एक.