बॅश, झी-शेल की फिश? रोजच्या टर्मिनलसाठी निवड करताना

टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल; बॅश, झी-शेल आणि फिश ही त्यांतली तीन. शेल बदलायचं म्हटलं की "सगळ्यात चांगलं कोणतं?" असं विचारलं जातं. त्याआधी एक मोजणी करा. दिवसभरात किती मशीनवर टर्मिनल उघडता, आणि त्यांतली किती तुमची स्वतःची? एकच लॅपटॉप असेल तर निवड सगळी आवडीची. पण रोज आठ-दहा सर्व्हरवर एसएसएच करून (म्हणजे दुरूनच लॉगिन करून) जात असाल, तर तिथे जे बसवलेलं असेल तेच तुमचं शेल, आणि ते बहुतेक वेळा बॅश असतं. लॅपटॉपवर केलेली सजावट तिथे सोबत येत नाही.

तिन्ही शेल मी बरीच वापरली आहेत. फरक सगळ्यात आधी जाणवतो तो वरच्या बाणाच्या कळीवर, म्हणजे हिस्टरीत, आधी टाइप केलेल्या कमांडच्या यादीत.

मूळ बॅश शेवटच्या 500 कमांड लक्षात ठेवतं. दोन खिडक्या उघड्या असतील तर जी शेवटी बंद होते ती हिस्टरीची फाइल नव्याने लिहिते आणि पहिल्या खिडकीतल्या कमांड गायब होतात. 'हिस्टअपेंड' हा पर्याय चालू केला की हे थांबतं. उबुंटूच्या तयार बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, तो आधीच चालू असतो. याहून मोठा फायदा मात्र इनपुटआरसी नावाच्या फाइलमध्ये दडलाय, आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. वरचा आणि खालचा बाण 'हिस्टरी-सर्च'ला जोडणाऱ्या दोन ओळी तिथे टाका. मग 'गिट' एवढंच टाइप करून वरचा बाण दाबला की फक्त गिटने सुरू होणाऱ्या जुन्या कमांड येतात. ही फाइल बॅश नाही, तर टाइप केलेली ओळ हाताळणारी रीडलाइन लायब्ररी वाचते, त्यामुळे ती वापरणाऱ्या जीडीबी या डीबगरसारख्या प्रोग्रॅममध्येही तीच सवय चालते. बॅशवरच राहायचं ठरवलंत तर सुरुवात इथून करा, रंगांपासून नको.

झी-शेलची गंमत अशी की मूळ स्थितीत ते हिस्टरी फाइलमध्ये लिहीतच नाही. फाइलचं नाव आणि किती ओळी जपायच्या, हे तुम्ही सांगावं लागतं. मॅकवर अॅपलने ते आधीच सांगून ठेवलंय म्हणून कळत नाही. 'शेअर-हिस्टरी' चालू केलं की सगळ्या खिडक्यांचा इतिहास एक होतो. मला ते महिनाभर आवडलं, मग वैताग आला: एका खिडकीत वरचा बाण दाबला की भलत्याच खिडकीतली कमांड समोर.

फिशमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. टाइप करता करता जुनी कमांड फिकट अक्षरांत पुढे दिसते, उजवा बाण दाबला की ती तुमची. चुकीचं कमांडनाव एंटर दाबायच्या आधीच लाल होतं. टॅब दाबल्यावर येणारे पर्याय अर्थासकट येतात, कारण फिश मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपानं, वाचून त्यांतून पर्यायांची यादी स्वतः तयार करू शकतं. हेच झी-शेलमध्ये हवं असेल तर दोन वेगळे प्लगइन बसवावे लागतात, आणि त्या दोन्हींची कल्पना थेट फिशवरूनच उचललेली आहे. बॅशमध्येही जमवता येतं, पण मग बॅशवर राहण्यात जो साधेपणा होता तो निघून जातो.

एवढं आयतं मिळत असताना सगळे फिशच का वापरत नाहीत? इथेच घोडं पेंड खातं. फिशची भाषा वेगळी आहे. 2005 मध्ये आक्सेल लिलयेनक्रांट्झ यांनी ते लिहिलं तेव्हाच पॉझिक्सचं, म्हणजे बॅशसारखी शेल पाळतात त्या प्रमाणाचं, जुनं व्याकरण बाजूला ठेवलं होतं. पुढच्या आवृत्त्यांनी बरीच तडजोड केली; कमांड जोडणारी '&&' आणि '||' आता चालतात, त्यामुळे कुठूनतरी आणून पेस्ट केलेली एका ओळीची कमांड सहसा अडत नाही. अडतात ती बॅशच्या धाटणीची लूप, इफच्या अटी आणि हिअर-डॉक. हिअर-डॉक, म्हणजे कमांडला अनेक ओळींचा मजकूर तिथल्या तिथे देण्याची सोय, तर फिशमध्ये नाहीच. शिवाय 'सोर्स' करून, म्हणजे चालू शेलमध्येच चालवून, त्याचं पर्यावरण (पाथसारखी सेटिंग) बदलणाऱ्या बॅश फाइल फिशला पचत नाहीत. पायथॉनचं आभासी पर्यावरण फिशसाठी वेगळी अॅक्टिव्हेट फाइल देतं, पण प्रत्येक साधन एवढं सौजन्य दाखवत नाही.

एक भीती मात्र विनाकारण आहे. फिश घेतलं म्हणून तुमच्या जुन्या स्क्रिप्ट बंद पडत नाहीत. पहिल्या ओळीत बॅशचं नाव लिहिलेलं असेल तर ती बॅशमध्येच चालते, तुम्ही हाक कुठूनही मारा.

उलट झी-शेलबद्दल "बॅशसारखंच आहे" असं म्हणतात, आणि धोका नेमका त्या 'सारखंच'मध्ये असतो. एकदा मी बॅशसाठी लिहिलेल्या चार ओळी झी-शेलमध्ये पेस्ट केल्या. फोल्डरांच्या नावांचा अॅरे (क्रमवार यादी), त्यातला शून्य क्रमांकाचा घटक घ्यायचा आणि तेवढंच फोल्डर कॉपी करायचं. झी-शेलमध्ये अॅरेची मोजणी एकपासून होते. शून्याच्या जागी रिकामं आलं, पाथ तिथेच संपला आणि आख्खं मूळ फोल्डर कॉपी व्हायला लागलं. कमांड पुसून टाकण्याची नव्हती, हे नशीब. आणखी एक फरक रोज भेटतो: चौकटी कंस किंवा प्रश्नचिन्ह अवतरणाशिवाय लिहिलं की शेल त्याला फाइलनावाचा साचा समजतं; तशा नावाची फाइल सापडली नाही, तर झी-शेल कमांड चालवतच नाही. बॅश निमूटपणे मजकूर पुढे पाठवतं. फिश निदान परकं दिसतं म्हणून माणूस सावध असतो.

आता देखभाल. झी-शेलला ओह-माय-झी-शेल हे तयार सेटिंगचं फ्रेमवर्क जोडलं की तीनशेहून जास्त प्लगइन हाताशी येतात, आणि हात आवरत नाही. माझं टर्मिनल उघडायला दोनेक सेकंद लागायला लागले तेव्हा झी-शेलच्याच 'झेडप्रोफ' मॉड्यूलने मोजलं. निम्म्याहून जास्त वेळ नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आवृत्त्या सांभाळणारी एकच स्क्रिप्ट खात होती. बाकीच्या प्लगइनांतले मी खरोखर तीनच वापरत होतो. झी-शेल घ्यायचं तर फ्रेमवर्कशिवाय, कोऱ्या फाइलने सुरुवात करावी आणि एखादी गोष्ट दोनदा अडली की मगच ती ओळ लिहावी, असं माझं मत झालंय.

प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांडच्या आधी दिसणाऱ्या ओळीच्या, देखणेपणासाठी शेल बदलू नका. प्रॉम्प्ट सजवणारं स्टारशिप तिन्हींवर एकाच कॉन्फिग फाइलने चालतं. हिस्टरीत शोधायला एफझेडएफ आणि फोल्डरांत उड्या मारायला झॉक्साइड, हेही तिन्हींवर.

मॅकवाल्यांचं गणित थोडं निराळं. तिथलं बॅश 3.2 च्या पुढे गेलंच नाही, कारण नंतरच्या आवृत्त्या जीपीएलव्ही3 या अॅपलला नको असलेल्या परवान्याखाली आल्या. 2019 च्या मॅकओएस कॅटलिनापासून अॅपलने झी-शेलच मूळ शेल केलं. म्हणजे मॅकवर 'बॅशवर राहणं' हेसुद्धा नवं बॅश वेगळं बसवणंच ठरतं. त्यापेक्षा तिथे आहे त्या झी-शेलवर वीस-पंचवीस ओळींत काम भागतं.

म्हणून सर्व्हरवर वावर जास्त असणाऱ्याला मी बॅश आणि इनपुटआरसीच सांगेन. मॅकवर काम, टीममध्ये सगळे झी-शेलवाले, तर झी-शेल. स्वतःच्या मशीनवर बसून कॉन्फिग लिहायचा कंटाळा असेल तर फिश. मी सध्या तिथेच आहे.

फिश घेतलंत तरी लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताच आपोआप सुरू होणारं शेल, लगेच बदलू नका. लॉगिनच्या वेळी शेलकडून पॉझिक्स व्याकरणाची अपेक्षा ठेवणारी साधनं कमी नाहीत, आणि शेलच सुरू झालं नाही तर दुरुस्तीला आत जाणंही अवघड होतं. लॉगिनला बॅश राहू द्या आणि टर्मिनल अॅपच्या सेटिंगमध्ये फक्त फिश सुरू करायला सांगा. त्याहीआधी आहे त्या टर्मिनलमध्ये नुसतं 'फिश' टाइप करून आठवडाभर काम करा आणि किती वेळा 'बॅश' टाइप करून मागे यावं लागलं ते मोजा.