मोझॅक गप्पीची रंगीत मादी घेताना तिचा पोटाखालचा पर बघा

मार्चमध्ये माझ्या लेकाने वाढदिवसाच्या साठवलेल्या पैशांतून ‘रेड मोझॅक’ जातीच्या गप्पी माशांच्या 3 जोड्या मागवल्या. विक्रेता व्हॉट्सॲपवर भेटलेला. जोडी 600 रुपयांना, म्हणजे 1,800 आणि वर कुरिअरचे 250. आमची फसवणूक झाली. ज्या तऱ्हेने झाली ती अजून कितीतरी जणांची होत असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

फोनवर माणूस फार गोड. ‘‘ताई, बाकीच्यांच्या माद्या करड्या असतात. माझ्या मादीच्या अंगावर बघा कसा रंग आहे. प्युअर लाइन आहे, महिन्याभरात पिल्लं धरा.’’ मला तिथेच थांबायला हवं होतं, कारण गप्पी मी लहानपणापासून बघत आलेय. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य केंद्राची माणसं गावातल्या विहिरीत आणि हौदात गप्पी सोडायची. नर बारीक, शेपटीवर रंगाचे ठिपके. मादी त्याच्या जवळपास दुप्पट, भरल्या पोटाची, मातकट. मोझॅकसारख्या शोभेच्या जातीतही मादीचा रंग बहुतेक शेपटीपुरताच राहतो. काही जातींत मादी खरोखर रंगीत असते, त्यामुळे नुसत्या रंगावरून कोणाला चोर म्हणता येत नाही. पण इथे मोझॅकच्या माद्या पाठीपर्यंत लाल होत्या, आणि व्हिडिओ गुलाबी दिव्याखाली काढलेला होता.

मासे जिवंत आले. पिशवी उघडतानाचा व्हिडिओ विक्रेत्याने आधीच मागून ठेवला होता. त्यात मासे जिवंत दिसले, म्हणजे ‘मेलेले निघाले तर बदलून’ ही त्याची हमी तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी लेक घाबरून मला बोलवायला आला. एक नर मादीसमोर अंग इंग्रजी ‘एस’सारखं वाकवून थरथरत होता. लेकाला वाटलं आजारी पडला. मी सांगितलं, तो तिला रिझवतोय, नर दिवसभर हेच करतात. पर मिटून एकाच जागी हलत राहणारा किंवा वरच्या कोपऱ्यात लटकून राहणारा मासा दिसला तर मात्र काळजी करायची. लेकाने कॅलेंडरवर 28 दिवस मोजून लाल गोल केला. सव्वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात मादी साधारण तीन-चार आठवड्यांत पिल्लं देते. तिच्या पोटाच्या मागच्या टोकाला एक काळसर डाग असतो, दिवस भरत आले की तो गडद आणि मोठा होतो. लेक रोज शाळेतून येऊन दप्तरही न काढता टाकीपुढे बसायचा. डाग काही वाढला नाही. गोल केलेली तारीख गेली, पुढचा महिनाही गेला.

तोवर दुसरंच काहीतरी व्हायला लागलं होतं. पाचव्या आठवड्यापासून माद्यांच्या पाठीवरचा लाल रंग उतरायला लागला, मग शेपटीचाही फिका पडला. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘तुमचं बोअरचं पाणी जड आहे ताई, त्याने रंग जातो.’’ मी क्षणभर खरं मानलं. मग लक्षात आलं, त्याच टाकीतले नर तसेच लालभडक होते. आणि गप्पीला जड पाणीच मानवतं.

गावातल्या एका जुन्या मत्स्यालयवाल्या काकांनी मादी काचेच्या ग्लासात घेऊन माझ्या हातात भिंग दिलं. ‘‘पोटाखालचा मागचा पर बघा.’’ मादीचा हा पर पंख्यासारखा, तिकोनी असतो. नराचा लांब, निमुळता, काडीसारखा, कारण तो बीज पोहोचवायच्या कामाचा. आमच्या तिन्ही माद्यांचा पर अरुंद होऊन पुढे टोकदार ओढला गेला होता, धड मादीचा नाही आणि धड नराचाही नाही. काका म्हणाले, हार्मोन. तिलापिया या खायच्या माशाची सगळी पिल्लं नर व्हावीत म्हणून जे मिथाइल टेस्टोस्टेरॉन खाद्यातून देतात, तेच. रंगाचे गुण मादीच्या अंगात असतात, ते दिसायला नराचं हार्मोन लागतं. खाद्यातून दिलं की मादी रंगते, बंद केलं की रंग ओसरतो. आणि अशा मादीला पिल्लं होण्याचा भरवसा राहत नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. रंगासाठी त्या मुक्या जिवाचं पोट बंद करून टाकलं!

हे मी विक्रेत्याला लिहून पाठवलं. त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

म्हणून घेण्याआधी उजेडातला, साध्या पांढऱ्या प्रकाशातला व्हिडिओ मागा. मादी बाजूने दिसेल, पर पूर्ण उघडलेला असेल असा. त्याच माद्यांची पिल्लं दाखवायला सांगा, खरा पैदास करणारा ती कौतुकाने दाखवतो. जमलं तर समोर जाऊनच घ्या. आणि फसला असाल तर रागाच्या भरात मासे ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या जिवावर उठतात.

आमच्या तिघी टाकीतच आहेत, आता पार करड्या. लेकाच्या नरांसाठी मी आरोग्य केंद्राच्या हौदातून दोन मातकट माद्या मागून आणल्या. परवा सकाळी एकीने पिल्लं दिली, त्याने दोनदा मोजली, 17 भरली. मादी एकदा घेतलेलं बीज कित्येक महिने अंगात साठवते, तेव्हा ही आणि पुढच्या काही खेपांची पिल्लं हौदातल्या नरांचीच असणार, हे मी त्याला सांगून ठेवलंय. तरी तो रोज टॉर्च लावून त्यांच्या शेपटीवर लाल रंग शोधतो.