जुना कीपॅड फोन, काही महिने वापरून: बॅटरी बदलण्याआधी सिमचा कप्पा बघा

आप्पांचा जुना कीपॅड फोन यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी वापरायला काढला. बटणं, टॉर्च, बीएल-५सी बॅटरी. जास्त काय सांगायचं, घराघरात असा एक पडलेला असतोच. सुरुवातीला एकदम झकास. मग सुरू झालं ‘इन्सर्ट सिम’. बेळगाव-जांबोटी रस्त्यावर बस खड्ड्यात आदळली की सिम गायब. बंद करून चालू केला की पुन्हा हजर.

शहरातल्या एका दुकानात नेला. झाकण न काढताच निदान झालं, "आयसी गेलाय बघा. सहाशे होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या की ओ!" सहाशेत अख्खा सेकंडहँड फोन येतो. उचलला आणि घरी आलो.

गोम सिमच्या अडॅप्टरमध्ये आहे. आता सिम मिळतं नॅनो, आणि या फोनचा कप्पा मोठ्या सिमचा, म्हणून दुकानदार प्लास्टिकची चौकट देतात, तोच हा अडॅप्टर. लांबी-रुंदी जुळते, जाडीचं कुणी बघत नाही. जुनं सिम ०.७६ मिलिमीटर जाड, नॅनो ०.६७. एवढ्याशा फरकाने खालच्या स्प्रिंगच्या पिना नीट टेकत नाहीत. त्यात या पिना वर्षानुवर्षं दबून बसलेल्या. मी सिमचा सोनेरी भाग खोडरबरने हलक्या हाताने पुसला आणि पाठीमागून, चौकटीसकट, सेलोटेपचे दोन थर लावले. तेव्हापासून खड्डा येवो की गतिरोधक, सिम जागचं हलत नाही. रिकामी चौकट मात्र कप्प्यात सरकवू नका, पिना अडकून वाकतात. मग खरंच दुकान गाठावं लागेल. सिम कंपन्या ही चौकट जाडीला बरोबर का बनवून देत नाहीत, हा माझा राग अजून गेलेला नाही.

बॅटरीबद्दल माझं मत मध्येच बदललं. बेळगावात चार्जिंग आरामात पुरायचं, पण बाचीला पाहुण्यांकडे राहिलो की सकाळी बॅटरीची एकच काडी. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवली. फुगलेली असती तर भोवऱ्यासारखी फिरली असती, ही जागीच थांबली. आणि बेळगावात ती पुरत होतीच, म्हणजे दोष तिचा नसावा. बाचीपलीकडे लगेच शिनोळी, म्हणजे मोबाइल कंपन्यांचा महाराष्ट्र विभाग, त्यांच्या भाषेत सर्कल. आपला कर्नाटकातला टॉवर कमजोर पडला की फोन तिकडचा पकडतो, त्याला रोमिंग समजतो आणि थोड्या थोड्या वेळाने घरचं नेटवर्क शोधत बसतो. १९५६ पासून आम्हा सीमाभागातल्यांना महाराष्ट्रात जाणं जमलं नाही, ते हा फोन रात्रीत करून येतो! सेटिंगमध्ये नेटवर्क निवड ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करून कर्नाटकचं धरलं, सकाळी काड्या शाबूत. रेंज जरा कमी मिळते, ते चालतं. पण शिनोळीच्या आत कामाला जाणार असाल तर परत ऑटोमॅटिक करा, नाहीतर दिवसभर ‘नो नेटवर्क’.

पाचचं बटण जोरात दाबावं लागतं. आतली पत्री आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की सुधारतं म्हणतात, पण त्यासाठी फोन पूर्ण खोलावा लागतो, तेवढा उत्साह नाही. मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसतात, तेही सोडून दिलंय. आणि जिओचं सिम असेल तर या वाटेला जाऊच नका. त्यांचं टूजी नाही, आणि या फोनला दुसरं काही कळत नाही.