पूरग्रस्तांसाठी जमवलेली वर्गणी: मुख्यमंत्री सहायता निधीला की गावातल्या संस्थेला?

मंडळाने, सोसायटीने किंवा माजी विद्यार्थ्यांच्या गटाने पूरग्रस्तांसाठी वर्गणी काढायचे ठरवले, की दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न उभा राहतो. रक्कम बहुधा दोन-चार लाखांची असते आणि देऊन मोकळे होण्याची घाई असते. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्ही वेळी दोन्ही वाटांनी पैसे गेले. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. जुने कपडे भरलेल्या टेम्पोपेक्षा तर दोन्ही कितीतरी बऱ्या.

मुख्यमंत्री सहायता निधीच्या बाजूने बोलायचे तर काम सरळ आहे. संस्थेची पारख करावी लागत नाही. पैसे ऑनलाइन भरले की ज्याच्या त्याच्या नावाने पावती मिळते. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला आयकराच्या ८०जी कलमाखाली पूर्ण रकमेची वजावट मिळते. संस्थेच्या देणगीवर साधारणपणे निम्म्याच रकमेची मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नवी करप्रणाली घेतलेल्यांना यातले काहीच लागू नाही, त्यामुळे हा मुद्दा आता पूर्वीइतका जड राहिलेला नाही. एक मात्र लक्षात ठेवा: कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा मुख्यमंत्री सहायता निधीत दिला तर तो सीएसआर म्हणून धरला जात नाही. गटातले कोणी कंपनीकडून मोठी रक्कम आणणार असेल तर ती आधीच वेगळी काढा.

संस्थेच्या वाटेवर पहिली ठेच पावतीपाशीच लागते. सगळ्यांचे पैसे खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात गोळा करून एकच चेक दिला, तर ८०जीचे प्रमाणपत्रही एकाच नावाने येते आणि बाकीच्या शंभर जणांच्या हाती काही लागत नाही. शिवाय ती रक्कम खजिनदाराच्या खात्यावर दिसते आणि त्याचा खुलासा त्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून पैसे गोळा करूच नका. संस्थेचा क्यूआर कोड गटात टाका, प्रत्येकाला थेट भरायला सांगा, आणि नाव, पॅन, पत्ता व रक्कम यांची यादी संस्थेला द्या. त्या यादीवरून संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांचे विवरण (फॉर्म १०बीडी) भरते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत प्रत्येकाला देणगीचे प्रमाणपत्र (फॉर्म १०बीई) मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, हे डबा फिरवणाऱ्यांना आधीच सांगा. नोंदणी नसलेल्या मंडळाला अशी वर्गणी काढायची असेल, तर धर्मादाय कार्यालयाची, विश्वस्त कायद्याच्या ४१सी कलमाखालची परवानगी लागते. गणेशोत्सवाची घेतलेली परवानगी पुराच्या वर्गणीला पुरेल असे धरून चालू नका.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे हा वेगळाच विषय. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणारा माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर अडचण नाही. पण नागरिकत्व बदललेल्याची, मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असलेल्याचीही, देणगी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) येते. ती या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या ठराविक स्टेट बँक खात्यातच जमा व्हावी लागते, आणि २०२० पासून ती संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही.

एवढे सगळे पाहिले तर पारडे मुख्यमंत्री निधीकडे झुकायला हवे. माझ्यापुरते ते झुकले नाही, आणि त्याची कारणे दोन. पैसे भरताना फार तर आपत्तीचे नाव लिहिता येते. कोणत्या गावासाठी, कोणत्या कामासाठी आणि केव्हा, हे ठरवता येत नाही. ऑगस्टमध्ये दिलेले पैसे ऑगस्टमध्येच आपल्या हातून सुटतात. घर बांधायची वेळ मात्र तेव्हा आलेली नसते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत वाफसा आल्याशिवाय पाया खणता येत नाही. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या भिंतीला लगेच गिलावा केला तर लोणा (क्षार) लागून तो पोपडे धरून पडतो. जुना गिलावा खरवडून भिंत नीट सुकू द्यावी लागते. गवंडी मिळतात दिवाळीनंतर. म्हणजे खरी गरज लागते तेव्हा वर्गणी आणि बातम्या दोन्ही संपलेल्या असतात. आणि जानेवारीत गटात कोणीतरी विचारतेच, ‘आपल्या पैशांचं काय झालं?’ हातात फक्त पावती असते. पुढच्या आपत्तीला वर्गणी निम्म्यावर येते ती इथेच, असे मला वाटते.

दुसरे कारण पंचनाम्याचे. सरकारी आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये होते, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पण अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००, तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालते, तरी मधली दरी राहतेच. एक भिंत खचली आहे, बाकीचे घर उभे आहे आणि तरी आत झोपायची भीती वाटते, असे कुटुंब या दरीत पडते. भाड्याने राहणारेही पडतात, कारण घर त्यांच्या नावावर नसते. दोन-चार लाखांत गाव उभे राहत नाही. पण अशा पाच-सहा घरांच्या भिंती नक्की उभ्या राहतात, आणि ती घरे कोणती हे गावातली संस्थाच सांगू शकते.

अर्थात संस्था म्हटली की सगळे चोख, असे नाही. धर्मादाय नोंदणी, ८०जीची चालू मुदत आणि तीन वर्षांचे ऑडिट मागा. यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे पुराच्या आधीपासून ती संस्था त्या तालुक्यात काम करत होती का, ते विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि देणगीदारांनी त्यासाठी उदंड मदत केली. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद (सपाट छत) यांनी माणसे गाडली होती, त्यामुळे नवी घरे मजबूत हवीत हे बरोबरच होते. पण आखीव चौकोनी प्लॉटवरच्या अनेक घरांत जनावर, कडबा, औत यांना जागा नव्हती, आणि भावकीची घरे लांब लांब गेली. घर कसे हवे हे घरच्या बाईला विचारणारी संस्था निवडा.

मग एका पानाचा करार करा. घरांची यादी, प्रत्येक घराचे काम, आणि हप्ते. पैसे संस्थेच्याच खात्यात असतील, पण गटाने हो म्हटल्यावरच हप्त्यांनी सुटतील, असे त्यात लिहा. सरकारी घरकुलाचे हप्ते जसे जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची पट्टी), छत अशा टप्प्यांवर मिळतात, तसेच. सुरुवातीला ४० टक्के, जोते झाल्यावर ३०, छत घालून झाल्यावर २०. जोते पुराच्या खुणेच्या वर घ्यायचे. ते जमत नसेल तर विजेचा बोर्ड तरी त्या खुणेच्या वर बसवायचा. सिमेंट एकदम सगळे पाठवायचे नाही, पावसाळी हवेत पोती दगड होतात. प्रत्येक टप्प्याला फोटो आणि दुकानाचे बिल हवे. नुसता ‘काम झाले’ असा मेसेज चालणार नाही.

या पाठपुराव्यासाठी गटात सहा महिने टिकणारी दोन माणसे लागतात. ती नसतील, किंवा रक्कम पन्नास हजारांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री निधीच बरा. अर्धवट सोडलेल्या घरापेक्षा तो केव्हाही चांगला. माणसे असतील तर मी संस्थेकडेच जाईन, आणि उरलेले १० टक्के पुढच्या जूनपर्यंत संस्थेच्या खात्यात राखून ठेवायला सांगेन. पहिला मोठा पाऊस पडला की पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी येते का ते घरात उभे राहून बघायचे, आणि मगच ते सोडायचे.