पेन्शनच्या शेअरांवरचे मत कोणाचे? ब्रिटनमधील नॉमिनी खाते आणि ठाण्यातील डीमॅट

निवृत्तीसाठी साठवलेला माझा पैसा दोन ठिकाणी थेट शेअरांमध्ये गुंतवलेला आहे. ब्रिटनमध्ये नोकरी करत असताना उघडलेले, आपल्या निवडीने गुंतवणूक करता येणारे ‘सिप’ प्रकारचे पेन्शन खाते (म्युच्युअल फंडातील हप्त्यांच्या ‘सिप’शी याचा संबंध नाही) तेथील एका ऑनलाइन गुंतवणूक सेवेकडे आहे, आणि कायमचे ठाण्याला परत आल्यावर नौपाड्यातील एका ब्रोकरच्या शाखेत मी डीमॅट खाते उघडले. अशा सेवांचे शुल्क, त्यांचे ॲप आणि व्यवहारांचा वेग यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून हे परीक्षण मी एकाच कसोटीवर करत आहे: ज्या कंपनीत माझे पैसे आहेत तिच्या सभेत माझ्या शेअरांचे मत मला देता येते का, आणि किती सहज? या कसोटीवर ठाण्यातील खाते निर्विवाद सरस आहे. ब्रिटनमधील सेवा इतर बाबतीत उत्तम असली, तरी येथे ती निराशा करते.

आधी तेथील रचना सांगायला हवी. सिप ही विश्वस्त व्यवस्था असल्याने कायदेशीर मालकी विश्वस्तांकडे असते, आणि कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव लागते ते केवळ शेअर धारण करण्यासाठी स्थापलेल्या नॉमिनी कंपनीचे. (आपण बँकेत वारसासाठी जो नॉमिनी नोंदवतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.) असंख्य ग्राहकांचे शेअर त्या एकाच नावाखाली असतात. ब्रिटनच्या 2006 च्या कंपनी कायद्यातील कलम 126 नुसार इंग्लंडमधील कंपनीला आपल्या सभासद नोंदवहीत विश्वस्त संबंधांची नोंद घेता येत नाही, त्यामुळे लाभांश शेवटी माझ्या खात्यात आला तरी कंपनी ज्याला सभासद मानते तो मी नव्हे, ती नॉमिनी कंपनी. या रचनेत लबाडी नाही. ग्राहकांची मालमत्ता सेवेच्या स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी राहते आणि व्यवहार स्वस्तात होतात, हे तिचे खरे फायदे आहेत आणि ते मला मिळालेही आहेत.

मात्र मतदानाचा प्रश्न आला की सारे त्या सेवेच्या इच्छेवर येऊन थांबते. कायद्याने तिचे हात बांधलेले नाहीत, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्याच कायद्यातील कलम 152 प्रमाणे दुसऱ्यांच्या वतीने शेअर धारण करणारा सभासद सगळ्या शेअरांचे मत एकाच बाजूने देण्यास बांधील नसतो. एका ग्राहकाच्या सांगण्यावरून ठरावाच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून विरोधात तो मत देऊ शकतो. कलम 146 नुसार नियंत्रित बाजारात नोंदलेल्या कंपनीकडून मूळ गुंतवणूकदाराला थेट माहिती मिळावी, अशी सूचनाही तो देऊ शकतो. पण ही सूचना देण्याचा अधिकार नोंदवहीतील सभासदाचा आहे, माझा नाही. ब्रिटनमधल्याच आयसा या करसवलतीच्या खात्यांच्या नियमांत, गुंतवणूकदाराने मागणी केल्यास वार्षिक अहवाल, सभेतील उपस्थिती आणि मतदान यांची व्यवस्था करण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर टाकलेली आहे. माझ्या पेन्शन खात्याच्या करारात असे काहीच नव्हते.

प्रत्यक्षात तेथे मत द्यायचे म्हणजे काय करावे लागते? सभेची सूचना येत नाही. हक्कभाग (जुन्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) किंवा कंपनी ताब्यात घेण्याचा प्रस्ताव असला तर ॲपवर संदेश येतो, पण वार्षिक सभेविषयी नाही; ती तारीख कंपनीच्या संकेतस्थळावर मलाच शोधावी लागते. मग खात्यातील संदेशपेटीतून प्रत्येक ठरावाचा क्रमांक आणि त्यापुढे माझे मत लिहून पाठवायचे. प्रतिनिधीमार्फत मत देण्यासाठी कंपनी कायद्याने सर्वसाधारणपणे सभेच्या 48 तास आधीपर्यंतची मुदत लावू शकते, पण सेवेची स्वतःची मुदत त्याच्याही कित्येक दिवस आधी संपते. संदेश मिळाल्याचे उत्तर येते. मात्र माझे मत प्रत्यक्ष नोंदले गेले का, याची पावती मला एकदाही मिळाली नाही. ग्राहकसेवेतील माणसे सौजन्याने बोलतात, त्यांनी यासाठी वेगळे शुल्कही घेतले नाही. तरी ज्या मताची पोच मिळत नाही ते दिले असे मानावे की नाही, हा प्रश्न उरतोच.

आता ठाण्यातील डीमॅटकडे वळू. आपल्याकडेही शेअर डिपॉझिटरीमार्फतच, म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थेमार्फतच असतात, आणि 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानुसार हस्तांतरापुरती नोंदणीकृत मालक डिपॉझिटरीच असते. पण त्याच कायद्याच्या कलम 10 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की डिपॉझिटरीला मतदानाचा हक्क नाही, आणि सर्व हक्क व लाभ खातेदाराचे आहेत. इंग्रजांच्या कंपनी कायद्याचा एवढा वारसा असूनही कायदा करणाऱ्यांनी ही रेघ इतकी स्वच्छ ओढली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. आपण सहज गृहीत धरतो ती ही गोष्ट जगात सगळीकडे नाही.

सोयही तशीच आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना भागधारकांना ई-मतदानाची सुविधा द्यावी लागते. हे मतदान किमान तीन दिवस खुले राहते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने डिसेंबर 2020 मध्ये परिपत्रक काढल्यापासून कंपनीने कोणतीही मतदान संस्था नेमलेली असो, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींच्या आपल्या खात्यातूनच तेथे जाता येते, त्यामुळे दर कंपनीसाठी नवा पासवर्ड घ्यावा लागत नाही. ठरावापुढे बाजूने किंवा विरोधात अशी खूण करायची आणि पक्के करायचे. एकदा दिलेले मत बदलता येत नाही, म्हणून सूचनापत्र आधी वाचून बसावे. सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला निकाल शेअर बाजाराकडे द्यावा लागतो, आणि त्यात प्रवर्तक (कंपनी उभारणारे व तिच्यावर ताबा असणारे), संस्था आणि इतर सामान्य भागधारक यांची मते वेगवेगळी दाखवलेली असतात. तो शेवटचा रकाना मी आवर्जून पाहतो. त्यात शेअर पुष्कळ आणि दिलेली मते थोडी, असे चित्र वारंवार दिसते आणि वाईट वाटते.

उणिवा आहेत. सूचनापत्र ईमेलने येते आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवते. नियमाप्रमाणे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या जिल्ह्यातील प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात ई-मतदानाची जाहिरात द्यावी लागते, म्हणून आपल्याकडच्या अनेक कंपन्यांची जाहिरात मराठी वृत्तपत्रात येते. पण ज्याच्या आधारे निर्णय घ्यायचा ते ठरावांचे स्पष्टीकरण बहुधा इंग्रजीतच असते. निवृत्त शिक्षिका किंवा कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार यांच्या डीमॅटमध्येही आज शेअर असतात, आणि त्यांना ते स्पष्टीकरण मराठीत मिळायलाच हवे.

शाखेबद्दलही सांगतो. खरेदी-विक्री, लाभांशाची बँक नोंद, वारसाची नोंद या सर्व बाबतीत तेथील मुले तत्पर आहेत. मतदानाविषयी विचारले तेव्हा मात्र काउंटरवरचा तरुण म्हणाला, “काका, तुमच्या एवढ्याशा शेअरांनी काय फरक पडणार?” त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता, पण उत्तर चुकीचे होते, आणि ते मी त्याला ठाण्याच्याच उदाहरणाने सांगितले. पोखरण रोडची रेमंडची गिरणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव परके नाही. 2017 साली त्या कंपनीच्या वार्षिक सभेत मुंबईतील जे. के. हाउसमधील सदनिका प्रवर्तक कुटुंबातील व्यक्तींना बाजारभावापेक्षा अतिशय कमी दराने विकण्याचा प्रस्ताव मांडला गेला. अशा व्यवहारात हितसंबंध असलेल्यांना संमतीचे मत देता येत नाही, त्यामुळे निर्णय बाकीच्या भागधारकांच्या हाती आला आणि त्यांनी तो प्रस्ताव प्रचंड फरकाने फेटाळला. 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या सभेत व्यवस्थापकीय संचालकांची पुनर्नियुक्ती आणि मानधन यांवरचा विशेष ठराव 75 टक्क्यांचा टप्पा न गाठल्याने पडला. विशेष ठरावाला चारांत तीन मते लागतात, म्हणून विरोधातले मत येथे साध्या बहुमतापेक्षा जास्त वजनदार असते. त्या तरुणाने ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी ई-मतदानाचे पान स्वतः उघडून दाखवले, हे नोंदवायला हवे.

राष्ट्रीय पेन्शन योजना आणि भविष्य निर्वाह निधी यांचा विचार येथे थोडक्यात पुरे. एनपीएसमध्ये आपल्याकडे युनिट असतात, मालमत्तेची मालकी एनपीएस ट्रस्टच्या नावे असते आणि मत पेन्शन फंड देतात. भविष्य निर्वाह निधीचा काही भाग 2015 पासून ईटीएफमार्फत, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या म्युच्युअल फंडांमार्फत, शेअरांत जातो, म्हणजे त्यावरचे मत म्युच्युअल फंडाकडे. सेबीने एप्रिल 2022 पासून म्युच्युअल फंडांना सर्व ठरावांवर मत देणे बंधनकारक केले आहे, आणि कोणत्या ठरावावर कोणते मत दिले व का, हे त्यांना संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागते. फंड निवडताना परताव्याचा तक्ता पाहतो तितक्याच गंभीरपणे हा तक्ताही पाहावा. प्रवर्तकांच्या मानधनवाढीला डोळे मिटून होकार देणारा फंड त्यात चटकन ओळखू येतो.

ज्यांचे पेन्शन खाते ब्रिटनमध्ये आहे किंवा मुलांच्या नोकरीमुळे तेथे उघडले जाणार आहे, त्यांनी खाते उघडण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे की सभेची सूचना सेवा स्वतः देते का, मत कोणत्या मुदतीपर्यंत घेते, नोंदीची पावती देते का, आणि कलम 146 खाली माहितीच्या हक्कासाठी कंपनीकडे नाव कळवते का. कलम 146 खालची ही सूचना कंपनीला देण्याची लेखी विनंती मी माझ्या सेवेला केली आहे आणि ती वरिष्ठांकडे पाठवल्याचे उत्तर आले आहे. निर्णय येईपर्यंत त्या खात्यात जमणाऱ्या लाभांशातून मी तेथे निर्देशांक फंडच घेतो, आणि एखाद्या कंपनीचे शेअर घ्यायचे असतील तर ते ठाण्यातील डीमॅटमध्ये घेतो.